डावा कान

शहापुरात, खडेबाजाराच्या बोळात,
जिन्याखाली बसाप्पांचा कॅफे होता.
तासाला पंधरा, अर्ध्या तासाला दहा.
तीन नंबरच्या हेडफोनचा उजवा कान मेलेला.
ते मशीन माझं.
चार नंबर मल्लेशचं. त्याचा डावा गेलेला.
बसाप्पा म्हणायचे,
तुम्ही दोघं मिळून एक गिऱ्हाईक.

खेळाचं खरं नाव इंग्रजी, लांबलचक.
आम्ही म्हणायचो कंदील.
कन्नड शाळेतली पोरं म्हणायची कंदीलु.
एका उकाराचा फरक,
त्यावरून कधी वाजलं नाही.
वाजायला दुसरं पुष्कळ होतं.

एक माणूस विहिरीत उतरतो, एवढीच गोष्ट.
पहिल्या भागात बारा पायऱ्या,
सहाव्यापर्यंत मोजणं सोडून दिलं.
वात पेटली की चार सूर यायचे,
वर, वर, थोडं खाली, आणि मग
कुणीतरी नाव विसरल्यासारखा चौथा.
ते चार सूर मी लग्नात शिट्टीवर वाजवलेत,
दवाखान्यात बाबांच्या उशाशी मनात म्हटलेत,
वडगावच्या आमच्या मागावर
धोटा डावीकडून सुटला की अजून म्हणतो.

आठव्या भागाला तो म्हातारा संगीतकार नव्हता.
नावांच्या यादीत कुणी नवीन बाई.
मी गणपत गल्लीतून नवा हेडफोन आणला,
दोन्ही कान जिवंत असलेला,
आणि रात्री माग बंद करून
उतरलो.

वात पेटली.
पाण्याचा एक थेंब. लाकूड ओढल्याचा आवाज.
बाकी काही नाही.
तीन रात्री उतरलो, तीन रात्री
रिकाम्या विहिरीतून वर आलो.
बाईला मनातल्या मनात काय काय बोललो
ते इथे लिहीत नाही.
आमच्याकडे पाट्या रातोरात बदलतात,
बसचा बोर्ड वाचता येईनासा होतो,
तरी बस जायची तिथेच जाते.
इथे बसच गेली होती.

मल्लेशला फोन लावला. तो हुबळीला, रेल्वेच्या वर्कशॉपात.
म्हटलं, काढून टाकली गा ती धून.
तो म्हणाला, काय ऐकूलालास तू?
वाजतेय की. तिसऱ्या पायरीपासून.
उजव्या कानात बघ.

बघितलं.
खोल, जाड आवाजाचं काहीतरी,
चार सूर, पण उतरते,
प्रत्येक सूर माझ्या सुरानंतर अर्ध्या श्वासाने.
मी ते आयुष्यात ऐकलं नव्हतं.
म्हटलं, हे कधीपासून?
म्हणाला, पहिल्या भागापासून. हीच तर धून.
तुझी कुठली?

मी म्हणून दाखवली.
पलीकडे बराच वेळ वर्कशॉपचा भोंगा, मग शांतता.
मग म्हणाला,
एकोणीस वर्षं मला वाटतंय
आपण एकच ऐकत होतो.

त्या बाईला माझा कान ठाऊक असण्याचं कारण नाही.
तिने कदाचित एवढंच केलं असेल:
सगळे जे गुणगुणतात ते उचलून ठेवलं,
त्याखाली काय होतं ते उघडं केलं,
आणि डावी बाजू मोकळी सोडली.

आम्ही एकत्र म्हणून बघितलं फोनवर.
नाही जमलं.
हुबळीहून आवाज यायला उशीर लागतो,
त्याचा उतरता सूर माझ्या पुढच्यावर पडायचा,
दोघं हसायचो, पुन्हा पहिल्यापासून.
चौथ्या खेपेला त्याची शिफ्ट सुरू झाली.

मी हेडफोन गळ्यात ठेवून माग चालू केला.
धोटा डावीकडून सुटला, माझी धून.
उजवीकडे पोचला, तिथे आता काहीतरी होतं,
ते नीट येत नव्हतं अजून.
किनारीचा एक धागा तुटला, गाठ मारली.
पदर दोन हात उरला होता.